कारागृहातलं काम आणि बाहेरचं दार : औंध ते आधारवाडी

आजचा विषय कळवला तेव्हा आपल्याच एका कार्यकर्त्यानं फोनवर विचारलं, "सर, तुरुंगातलं काम म्हणजे खडी फोडणं ना? त्यावर तासभर काय बोलणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते हिंदी सिनेमातलं आहे. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हातात घण, वर ऊन. आणि दुसरं चित्र आहे ते स्वातंत्र्यलढ्याचं. टिळकांना १८९७ च्या शिक्षेत काथ्याचं काम दिलं होतं, सावरकर अंदमानात कोलू ओढत होते आणि दिवसाला तीस पौंड तेल काढून द्यावं लागत होतं, हे आपण शाळेत शिकलो. आपण बेलवलीचे, म्हणजे ठाणे जिल्ह्याचे. ठाण्याचा तुरुंग म्हटला की आपल्याला राघोजी भांगरे आठवतात, अनंत कान्हेरे आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण यामुळे एक गोष्ट झाली. तुरुंगातले कष्ट म्हणजे निरपराध, थोर माणसाचा छळ, असं आपल्या मनात बसलं. ज्यानं खरोखर गुन्हा केला, चोरी केली, भांडणात कोणाला मारलं, त्याच्या कामाचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो सुटतो तेव्हा त्याला हार घालायला कोणी येत नाही. आज आम्ही त्याच्याबद्दल बोलणार आहोत.

आधी थोडं मागे जाऊ. कंपनी सरकारच्या काळात कैद्यांना रस्त्यांच्या कामाला जुंपत. मेकॉलेच्या पुढाकारानं एक समिती नेमली गेली, तिचा अहवाल १८३८ साली आला. समितीचं म्हणणं असं की रस्त्यावरच्या कामात कैदी गप्पा मारतात, उघड्यावर वावरतात, धाक राहत नाही. म्हणून काम भिंतींच्या आत हवं, आणि ते कंटाळवाणं, एकसुरी, जीव उबगेल असं हवं. त्यातून काही शिकायला मिळावं ही अपेक्षा तर नव्हतीच, उलट शिकायला मिळू नये अशीच भूमिका होती. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ही भूमिका आम्हाला परकी वाटत नाही. काम हीच शिक्षा. घाम हेच प्रायश्चित्त.

पण माणसाला काम दिलं की तो ते शिकतोच, त्याला काय करणार? महाबळेश्वरचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथं एक तुरुंग होता. त्यात ठेवले होते चिनी आणि मलायी कैदी, पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून पाठवलेले. भाषा वेगळी, देश वेगळा, घरी परतण्याची आशा थोडी. त्यांनी तिथं भाजीपाला पिकवला, बटाटे लावले, वेताचं काम केलं. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला, तरी त्यांच्यातले काही तिथंच राहिले आणि बागकाम करून पोट भरत राहिले. आपण महाबळेश्वरला जातो, गाजरं-मुळे विकत घेतो, वेताच्या टोपल्या बघतो. त्यामागे कैद्यांचे हात आहेत हे त्या बाजारात कोणी सांगत नाही. सरकारनं काही त्यांच्या पुनर्वसनाची योजना आखली नव्हती. त्यांना एक कला येत होती आणि गावाला त्या कलेची गरज होती, एवढंच. हे 'एवढंच' लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

पुढे सरकारच्या लक्षात आलं की कैद्यांच्या कामातून पैसा मिळतो. मग तुरुंगांत माग आले, गालिचे आले. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला एक अवाढव्य गालिचा राणी व्हिक्टोरियासाठी विंडसरच्या राजवाड्यात गेला. येरवड्याचे गालिचेही नावाजलेले होते. इतके, की बाहेरचे कारखानदार ओरडू लागले की तुरुंगातला स्वस्त माल आमच्या पोटावर येतो. म्हणजे आधी काम ही शिक्षा होती, नंतर ते उत्पन्न झालं. कैदी दोन्हीकडे साधनच राहिला. १९१९-२० ची कार्ड्यू समिती आली तेव्हा कुठे सरकारी कागदावर लिहिलं गेलं की तुरुंगाचं उद्दिष्ट माणूस सुधारणं हेही आहे. आज आपल्या राज्याच्या कारागृह विभागाचं ब्रीद 'सुधारणा व पुनर्वसन' असं आहे आणि कैद्याला 'बंदी' म्हणतात. शब्द बदलले. बदलापूरला घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, अशी आपल्या गावची दंतकथा आहे. घोडा बदलणं सोपं असतं.

आता आजच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ती घडली औंध संस्थानात. औंध म्हणजे पुण्याचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. छोटंसं संस्थान, ७२ गावं, तीही सलग नाहीत, इकडे चार तिकडे दहा अशी विखुरलेली. राजे होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रं काढणारे, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता प्रजेकडे सोपवली. राजानं आपण होऊन राज्य सोडायचं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, जे पुढे भारताचे राजदूत झाले, त्यांनी बंगळूरहून एक माणूस औंधला आणला होता. मॉरिस फ्रीडमन. जन्मानं पोलंडचा ज्यू, शिक्षणानं इंजिनियर. भारतानंद या नावानंही तो ओळखला जायचा. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव दुसऱ्याच कारणानं माहीत असतं. मुंबईत खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीतून बोलायचे, त्यांचं बोलणं इंग्रजीत आणून जगासमोर ठेवलं ते याच फ्रीडमननं. आम्ही ते पुस्तक वर्षानुवर्षं वाचत होतो, आणि हा माणूस कैद्यांसाठी काय करून गेला याचा आम्हाला पत्ता नव्हता. ब्रह्म कळलं, आटपाडी कळली नाही.

तर आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. मोकळी जमीन, भिंत नाही. संस्थानच्या तुरुंगातले कैदी तिथं आणले, त्यांना शेती करायला लावली. आटपाडीचा भाग म्हणजे माणदेश, पावसाचं तोंड क्वचित दिसणारा. तिथं शेती करणं हीच सक्तमजुरी, असं कोणी म्हटलं तर चूक नाही. पण खरी गोष्ट शेतीची नव्हतीच. खरी गोष्ट ही की कैद्याला बायकापोरांसह राहता येत होतं. रात्री कुलूप नाही. पळून जायचं म्हटलं तर कोणी धरणार नाही.

इथं तुम्ही म्हणाल, हा तर 'दो आँखें बारह हाथ'. बरोबर. व्ही. शांतारामांचा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला, आणि कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा त्याच भागातले, त्यांनी माणदेशाची माती पायांनी ओळखली होती. चित्रपट मोठा आहे, जगभर गाजला, बर्लिनला त्याला बक्षीस मिळालं. पण आम्ही तो पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट खटकली. चित्रपटात सगळा भर जेलरच्या डोळ्यांवर आहे. त्या दोन डोळ्यांच्या धाकानं आणि मायेनं सहा खुनी बदलतात. सिनेमाला नायक लागतो, ते समजू शकतो. पण प्रत्यक्षात माणूस कोणाच्या डोळ्यांकडे बघून टिकत नाही. संध्याकाळी घरी चूल पेटलेली असते, पोरगं वाट बघत असतं, उद्या खुरपणी राहिलेली असते, म्हणून टिकतो. फ्रीडमनला हे कळलं होतं असं आम्हाला वाटतं. विश्वास आधी टाकायचा, पुरावा नंतर बघायचा. आपण नेहमी उलट करतो. आधी सुधारून दाखव, मग विश्वास ठेवू.

औंधबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण ते फारसं सांगितलं जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला तो औंध संस्थानातच, कुंडलच्या माळावर, राजांनी दिलेल्या जमिनीवर. त्या माळावर रात्रीच्या राखणीसाठी त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. दरोड्याच्या गुन्ह्यात सजा झालेल्या माणसाच्या हाती कारखान्याची राखण! आज कोणत्या कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी हे करील? लक्ष्मणराव काही समाजसुधारणेवर व्याख्यानं देत नव्हते, त्यांना नांगर विकायचे होते. पण स्वतंत्रपूर जे आत करू बघत होतं, त्याचं दुसरं टोक किर्लोस्करवाडीत तीस वर्षं आधीच तयार होतं. सुटलेल्या माणसाला घेणारं दार. आमच्या मते त्या चिमुकल्या संस्थानाची खरी कमाई ही दोन टोकं एका राज्यात असणं ही आहे. ती एकमेकांना जोडली गेली असती तर काय झालं असतं, हा विचार आमच्या मनातून जात नाही. १९४८ साली औंध मुंबई राज्यात विलीन झालं. स्वतंत्रपूर मात्र राहिलं. आजही ती राज्याच्या कारागृह विभागाची खुली वसाहत आहे आणि निवडक बंदी तिथं कुटुंबासह राहतात. पैठणला, येरवड्याला, मोर्शीला खुली कारागृहं आहेत. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या नावानं धरणांच्या बांधकामावर कैद्यांच्या छावण्या झाल्या त्या १९५२ नंतर. आपण त्यांच्या बरंच आधी होतो.

आता एक काळी बाजू. ज्या काळात फ्रीडमन कुलूप काढत होता, त्याच काळात तिथून फार लांब नाही, सोलापुरात, तारेच्या कुंपणामागे माणसं ठेवलेली होती. त्यांनी गुन्हा केलेला नव्हता. १८७१ च्या कायद्यानं त्यांच्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या, मुंबई इलाख्यात हे १९११ नंतर आलं. तिथंही शब्द तेच होते. सुधारणा, उद्योग, शिस्त. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरी द्यायला परत यायची. १९५२ साली कायदा रद्द झाला, कुंपण तुटलं, पण शिक्का राहिला. किती राहिला? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की तुरुंगात जातीवर काम वाटणं घटनाबाह्य आहे. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत तोवर लिहिलेलं होतं की स्वयंपाक अमक्यांनी करायचा, संडास-झाडू तमक्यांनी. हा खटला मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी लढवला. म्हणजे 'काम माणसाला सुधारतं' हे वाक्य आम्ही सरसकट म्हणणार नाही. कोणतं काम, कोणाला, कोणी ठरवून दिलेलं, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आजचं चित्र काय? येरवडा, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथल्या मोठ्या कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, लोहारकाम, बेकरी, धुलाई असे विभाग चालतात. नाशिकच्या बंद्यांचे गणपती प्रसिद्ध आहेत. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या महिला बंद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून लोकांनी श्रद्धेनं खाल्ले आहेत. त्या हातचा प्रसाद चालतो, त्या हाताला नोकरी चालत नाही. असो. मजुरीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९९८ साली गुजरातच्या खटल्यात सांगितलं की सक्तमजुरी असली तरी कामाचा योग्य मोबदला दिला पाहिजे, आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी बाजूला काढावा अशी शिफारस केली. आम्हाला हा दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण अशा व्याख्यानांत पीडिताचं नाव निघतच नाही. आपल्याकडे २०२३ साली सुधारलेले दर बघा. कुशल बंद्याला दिवसाला ७४ रुपये, अकुशलाला ५३. आपल्या स्टेशनबाहेर सकाळी नाक्यावर उभा राहणारा बिगारी हे ऐकून हसेल. तरी त्यावरही एक चांगली गोष्ट उभी राहिली. १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. बंद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, तारण काही नाही, फेड त्याच्या मजुरीतून. मुलीची फी, आईचं औषध, वकिलाचा खर्च. आतला माणूस घरासाठी काही करू शकतो. पुन्हा तेच, चूल.

पण आता आपल्या दाराशी या. बेलवलीतला, मांजर्लीतला, कात्रपचा एखादा पोरगा मारामारीत अडकला तर तो येरवड्याला जात नाही. तो जातो कल्याणला, आधारवाडीला. तिथं तो न्यायाधीन बंदी असतो, म्हणजे खटला चालू, निकाल नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांतली सुमारे ७६ टक्के अशी निकालाची वाट बघणारी. कायद्यानं त्यांना काम सक्तीचं नाही, आणि ते योग्यच आहे, दोष सिद्ध न झालेल्याला कामाला कसं जुंपणार? पण त्याचा परिणाम असा की कारखाने, प्रशिक्षण, मजुरी, कर्ज हे सगळं प्रामुख्यानं शिक्षा झालेल्यांसाठी. बाकीचे तीन चतुर्थांश नुसते बसून. वर्ष, दोन वर्षं, कधी चार. विशीतला मुलगा तिथं काही शिकत नाही असं समजू नका. शिकतो. कोणाकडून, ते तुम्हीच ओळखा. निर्दोष सुटला तरी बाहेर येतो तो मधली वर्षं कोरी घेऊन. आमच्या मते आजचा सगळ्यात मोठा प्रश्न येरवड्याचा नाही, आधारवाडीचा आहे.

इथं आम्हाला स्वतःचं एक सांगायचं आहे. सांगावं की नाही याचा बराच विचार केला. निवृत्तीनंतर आम्ही घरी पुस्तकांसाठी कपाटं करून घेतली. एक सुतार आला, चाळिशीचा, कमी बोलणारा. रंधा असा मारायचा की ऐकत बसावं. खिळा न मारता सांधे बसवायचा. आम्ही विचारलं, कुठं शिकलात? म्हणाला, येरवड्याला. आम्हाला वाटलं, तिथं आयटीआय असेल. तसं म्हणालोही. तो हसला आणि म्हणाला, "नाही सर, आत." अकरा वर्षं होता. गुन्हा काय ते त्यानं सांगितलं, आम्ही इथं सांगणार नाही. काम पुरं झालं. इमारतीतल्या आणखी दोघांनी त्याला काम दिलं. मग कुठून तरी बातमी पसरली आणि सोसायटीची सभा झाली. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं एकटी असतात, उद्या काही झालं तर. ठराव झाला की त्याला गेटमधून आत सोडायचं नाही.

आम्ही त्या सभेला होतो. आम्ही तीसेक वर्षं वर्गात कांट शिकवला. शिक्षा ही गुन्ह्याची परतफेड, ती पुरी झाली की देणं संपलं, हा सिद्धांत फळ्यावर लिहून दिला, परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न घातला. त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. हात वर केला नाही हे खरं, पण विरोधही केला नाही. सचिवांनी इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं, आणि ते बरोबरच होतं.

नंतर आम्ही त्याला फोन केला. म्हणाला, "सवय आहे सर. मी उल्हासनगरला एका गाळ्यात लागलोय. शेठनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही." उल्हासनगरचा फर्निचर बाजार आपल्याला ठाऊक आहे. लग्नाचं कपाट, पलंग तिथूनच येतं. जीन्स शिवणारे गाळेही तिथंच. म्हणजे येरवड्यात जे शिकवतात, सुतारकाम आणि शिवण, त्यालाच इथं, आपल्यापासून थोड्याच स्टेशनांवर, गिऱ्हाईक आहे. आणि ते शहर कोणी वसवलं? सगळं गमावून आलेल्या सिंधी माणसांनी, लष्कराच्या रिकाम्या बराकींत. त्यांनाही इथले लोक सुरुवातीला संशयानंच बघत. त्यांना छप्पर मिळालं, धंदा मिळाला, बाजार मिळाला, आणि दोन पिढ्यांत कोणी त्यांना निर्वासित म्हणेनासं झालं. तुलना पुरी जुळत नाही, आम्हाला कळतं. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. पण नवं आयुष्य कशानं उभं राहतं, ते दोन्हीकडे सारखंच आहे.

कोणी म्हणेल, भीती खोटी आहे का? नाही. सगळेच सुधारतात असं आम्ही म्हणत नाही, काही परत गुन्हा करतात. पण काम न मिळालेला माणूस गुन्हा करणार नाही, अशी सोय ठराव करून होत नाही. तो दुसऱ्या गेटसमोर उभा राहतो, इतकंच. आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला हल्ली सुरक्षारक्षकापासून घरपोच माल देणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांना लागतो. १९५८ च्या परिविक्षा कायद्यात तरतूद आहे की न्यायालयानं ज्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, त्याला त्या दोषसिद्धीमुळे कुठली अपात्रता चिकटू नये. कायदा एवढं म्हणतो. पण अर्ज तपासणारा कारकून तो कायदा वाचत नाही.

वेळ होत आलाय. आपल्यात खरवईच्या किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्यांचे गाळे आहेत असे तीन-चार जण आम्हाला समोर दिसतात. जिल्हा परिविक्षा अधिकारी नावाचं एक पद असतं, महिला व बालविकास विभागात. सुटून आलेल्यांची चौकशी, त्यांना साहाय्य हे त्यांच्या कामात येतं. त्या कार्यालयात जाऊन 'आमच्याकडे एक जागा आहे, माणूस आहे का' असं विचारणारा कारखानदार आम्हाला अजून भेटायचा आहे. आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहून ठेवा. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीसही लागली आहे, तिथं तो जुना ठराव पुन्हा मांडावा असं पत्र आम्ही दिलंय. मंजूर होईल असं वाटत नाही. आता प्रश्न असतील तर विचारा, माईक मागे द्या.